सत्तेचाळीस सेकंदांची चोवीस चित्रं

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ६.१०

वही नवी. पेन नवं. माणूसही आजपासून नवाच समजावा.

१८ जानेवारीला त्या मॅचला पंचवीस वर्षं होतात. जिल्हा झाल्यावरची पहिली जिल्हास्तरीय बॉक्सिंग फायनल. हिंगोलीचं मैदान, सदुसष्ट किलो गट. एका कोपऱ्यात मी, दुसऱ्यात रत्नपाल. मॅच सत्तेचाळीस सेकंद चालली. पुढचं सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे, आणि गडबड तिथंच आहे. जिल्ह्याला फक्त शेवटचा एक सेकंद माहीत. त्याआधीच्या सेहेचाळीस सेकंदांत मी एकही ठोसा खाल्ला नव्हता, हे कोणी सांगत नाही.

आता मी सांगणार. एकूण चोवीस चित्रं. बारा हातानं काढलेली आणि बारा फोटो. दर दोन सेकंदांना एक. शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन. मी चित्रकलेचा शिक्षक, मॅच माझी, रिंगमध्ये मी स्वतः हजर होतो. याच्यापेक्षा लायक माणूस कोण?

मोहिनीला सांगितलं. म्हणाली, "लोकं आत्ता कुठं विसरून राहिले होते, तुमी काहून याद देऊन राहिले?"

घरात इतिहासाची आवड नाही.

फोटोंसाठी मला तेव्हाचा मी दिसायला पाहिजे. वजन आज ८४. पाहिजे ६७. दिवस ७७. रोज पाच किलोमीटर पळणे, चहा बिनसाखरेचा, भात बंद. गणित सोपं आहे.

३ नोव्हेंबर. सकाळी ७

पळालो नाही. पहिल्या दिवशी शरीराला कल्पना द्यावी लागते. ती दिली.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी

आज शाळेत जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे हे काम काहून करून राहिलो ते पुन्हा पुन्हा वाचता येईल.

आमच्या कुरुंद्यात लाइट गेली की लोक म्हणतात, "झाला सोमेश्वर." पहिल्या बॉलवर आउट झालेल्याला म्हणतात. मोटारसायकल चढावर बंद पडली की म्हणतात. इतकी वर्षं मी कानाडोळा केला. आज मराठीच्या मॅडमनी आठवीच्या एका पोराचा निबंध स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. "आम्ही मामाच्या गावाला निघालो, पण जवळा बाजारच्या अलीकडे आमच्या गाडीचा सोमेश्वर झाला." मॅडम नवीन आहेत, लातूरकडच्या. त्यांनी मलाच विचारलं, हा इकडचा शब्द आहे का म्हणून.

मी म्हणालो, असेल.

पोराला माहीतही नव्हतं की हे माणसाचं नाव आहे. आणि तो माणूस त्याला सोमवारी-गुरुवारी कमळ काढायला शिकवतो. म्हणजे मी मेल्यावरही हे चालूच राहणार.

चोवीसच्या चोवीस चित्रं होणार. कमी नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पुरावे जमवतो आहे. मॅचचा छापून आलेला फोटो एकच. नांदेडच्या एका पेपरातला, माझ्या ट्रंकेत आहे. रत्नपालच्या पाठीमागून काढलेला. त्याची पाठ, त्याचा उजवा ग्लोव्ह, ग्लोव्हच्या मागून माझा अर्धा चेहरा, आणि खाली दोघांचे पाय. डोळे मिटलेले. खाली छापलंय: "एकाच ठोशात खेळ खल्लास."

खेळाडूचे डोळे मिटलेले असणं हा एकाग्रतेचा भाग आहे. पेपरवाल्यांना ते कळत नाही.

प्रदर्शनात मांडायच्या बाबी:
ऊन. दुपारचे चार, मी पश्चिमेकडे तोंड करून.
जेवण. मंडपात दुपारी वांग्याची भाजी होती.
हेडगार्ड. जिल्ह्यात एकच होतं. ते कोणी घालायचं यावर वाद झाला, म्हणून कोणीच घातलं नाही.
रेफ्री. आमचे पीटीचे अमृतराव सर. त्यांनी दहा फार भरभर मोजले.

अमृतराव सर आता ऐंशीचे आहेत, वसमतला असतात. त्यांना भेटून विचारावं असं मोहिनी म्हणाली. नको. या वयात माणसाच्या आठवणीचा भरवसा नसतो.

१३ नोव्हेंबर. सकाळी

वजन ८४.५. काटा जुना आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी

रागिणीबद्दल. माझी मुलगी, वीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला स्कूटी घेऊन वसमतच्या ग्राउंडवर जाते. तिथं भरतीच्या पोरापोरींकडून फुकटात तयारी करून घेतो कोण? रत्नपाल. अख्ख्या जिल्ह्यात दुसरा माणूस नाही का?

रत्नपालला त्या मॅचनंतर खेळाडू कोट्यातून पोलिसात नोकरी लागली. आता हवालदार आहे. सत्तेचाळीसचा असून पोट नाही. रागिणी घरात "रत्नपाल सर असं म्हणतेत, रत्नपाल सर तसं म्हणतेत" करून राहते. आज म्हणाली, "पप्पा, सर म्हणतेत, तुमचे पाय लई हलके होते."

मी विचारलं, आणखी काय म्हणतो?

ती म्हणाली, "एवढंच. त्या मॅचचं विचारलं की विषय बदलतेत."

बदलणारच. मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस विषय बदलत नाही. ग्लोव्हमध्ये दगड होता का? लिहून ठेवतो. तपासायला पाहिजे.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २

रत्नपालकडे गेलो. फोटोंसाठी तो पाहिजेच, त्याच्याशिवाय मी एकटाच हवेत हात मारतोय असं दिसेल.

घरी गेलो तर उभा राहिला. "या सर, बसा," म्हणाला. तो मला सर म्हणतो, मी त्याला कधी काही शिकवलेलं नाही. त्याच्या बायकोनं पोहे दिले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. दोनदा घेतले.

योजना सांगितली. चोवीस चित्रं म्हटल्यावर हसला. मग शेवटचं चित्र ठोशाचं, असं म्हणालो, आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "सर, ते कशाला काढता? बाकीचं काढा की. सुरवातीचं काढा, हात मिळवतानाचं काढा."

मी मनात म्हटलं, सापडला!

वरून म्हणालो, इतिहास अर्धा दाखवता येत नाही. त्यानं माझी पोह्यांची बशी उचलून आत नेऊन ठेवली. मग म्हणाला, "येतो मी. तुमच्यासाठी न्हाई म्हणवत न्हाई."

३० नोव्हेंबर, रविवार

शांत डोक्यानं पाहता चोवीस जास्त होतात. प्रेक्षक कंटाळतो. सोळा ठीक.

काढून झालेली: दोन. पहिल्यात आम्ही दोघं कोपऱ्यात उभे. दुसऱ्यात मी पुढं येतो आहे. दुसरं चित्र रागिणीनं पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, हे रत्नपाल सर का?" मी म्हटलं, तो मी आहे. ती म्हणाली, "हां हां, बरोबर."

दंड थोडे कमी करतो.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ११

मोठी अडचण. तिसऱ्या चित्रापासून पुढं मी नेमकं काय करत होतो ते आठवत नाही. गोल फिरत होतो हे आठवतं. डावीकडून गोल. मग उजवीकडून गोल. चित्रात फिरणं दाखवता येत नाही, माणूस पळतोय असं दिसतं. चार वेळा काढलं, चारही वेळा मी पळतोय.

दहा चित्रं पुरेत. सगळं खच्चून भरू नये, हे मीच पोरांना शिकवतो.

पळणं: गेल्या पाच आठवड्यांत तीनदा. त्यातलं एकदा कुत्रं मागं लागलं होतं, पण अंतर तेवढंच मोजायचं.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी ३

आज फोटो काढले. शाळेच्या मागं, बांबू रोवून, शेळ्यांचे दोर बांधून रिंग केली. ग्लोव्हज रत्नपालनं आणले. फोटो रागिणीनं मोबाइलवर काढले. मोहिनी डबा घेऊन आली आणि बसून राहिली, मला वाटतं हसायला.

सुरुवातीचे फोटो ठीक. माझं बनियन वर सरकतं, ते कॉम्प्युटरवर खाली ओढता येईल.

मग ठोशाचा फोटो. मी सगळं शास्त्रशुद्ध केलं होतं. पेपरातल्या फोटोवरून कोपऱ्याच्या खांबापासून कोणाचा पाय किती अंतरावर ते मोजून जमिनीवर चुन्याच्या खुणा केल्या. रत्नपालला त्याच्या खुणेवर उभं केलं, मी माझ्या. म्हटलं, मार, पण हळू. त्यानं हात लांब केला.

पोचला नाही.

पुन्हा केलं. रागिणी म्हणाली, "पप्पा, चार बोटं कमी पडून राहिले."

रत्नपालला म्हटलं, पुढं वाक. तो वाकला. तरी पोचेना. आणखी वाकला तर मागचा पाय खुणेवरून उचलला गेला, आणि पेपरात तर तो पाय सपाट टेकलेला आहे. रत्नपालला थंडीत घाम आला होता. "असू द्या ना सर," म्हणाला. "जवळ उभं राहून काढू. कोण मोजायला येतंय?"

शेवटी मीच चार बोटं पुढं सरकून काढला. पण ते बरोबर नाही. मग कारण सापडलं. वयानं माणूस आखडतो. पंचवीस वर्षांत हात चार बोटं कमी झाला असणार. अमृतराव सर पूर्वी माझ्याहून उंच होते, आता नाहीत.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी

माझा हात मोजला. १९९८ला शिवलेल्या शर्टाची बाही बरोबर बसते.

शर्ट आटला असेल.

२१ डिसेंबर, रविवार

सात चित्रं, फोटो रद्द. सात हा आकडा चांगला आहे. इंद्रधनुष्य सातचंच.

सातवं चित्र, ठोशाचं, नऊ वेळा काढलं. अंतर बरोबर ठेवलं की ग्लोव्ह हवेत राहतो. ग्लोव्ह टेकवला की रत्नपालचा हात माकडासारखा लांब होतो. मी बावीस वर्षं पोरांना प्रमाण शिकवलं. चित्र जितकं बरोबर काढतो तितकं ते मला नको असलेलं होतं.

जेवण गेलं नाही. वजन ८६. म्हणजे याचा आणि जेवणाचा संबंध नाही.

२८ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६

जवळा बाजारला गेलो. त्या दिवशी मैदानावर आणखी एक फोटोग्राफर होता, कोंडीबा. फोटो स्टुडिओ होता त्याचा. तो वारला, पण त्याची बायको रूपाबाई आहे, हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली. खरं सांगायचं तर माहीत होतं. वेळ मिळाला नव्हता.

रागिणी बरोबर आली, नको म्हटलं तरी.

रूपाबाईनं माळ्यावरून बिस्किटांचे पत्र्याचे डबे काढले. म्हणाली, "आमच्या मालकानं एक बी निगेटिव फेकली न्हाई. लग्नं तर लग्नं, मयती बी ठेवल्या." प्रत्येक पाकिटावर तारीख. १८-१-२००१ चं पाकीट तिसऱ्या डब्यात. तिनं ते असंच दिलं. "घेऊन जा लेकरा, आमाला काय करायचंय," म्हणाली. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. पण मला बरं वाटलं.

पाकीट खिशात आहे. उद्या पाहू.

३० डिसेंबर, मंगळवार. सकाळी ८

पाहिली.

रागिणीनं खिडकीच्या काचेला निगेटिव्हची पट्टी धरली, मोबाइलनं फोटो काढून काळ्याचं पांढरं केलं. कोंडीबा बाजूला उभा होता. बाजूनं सगळं दिसतं. रत्नपालचा हात पूर्ण लांब. माझी हनुवटी. मधे आकाश. मागं बसलेल्या एका माणसाचा फेटा त्या फटीतून दिसतो, अख्खा.

आणि माझे गुडघे वाकलेले. आधीच.

रागिणीनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि बूट काढायला गेली.

३१ डिसेंबर

निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात राहून फुगते. फुगली की फटी वाढतात.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

ठोशाच्या पुढं वारा असतो. जोराचा ठोसा असेल तर तो वाराच माणसाला पाडू शकतो. ट्रक जवळून गेला की सायकलवाला पडतो, ते हेच. विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "ट्रकचा वेग पाहिजे मग."

रत्नपालचा वेग होता तेव्हा.

नवीन वर्षाचा संकल्प: काही नाही.

३ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी

रत्नपाल घरी आला. एकटा, साध्या कपड्यात. रागिणीनं त्याला काही सांगितलं नव्हतं, तिनं शपथ घेतली. फोटोच्या दिवसापासून त्याला चैन पडत नव्हतं म्हणे. ओसरीवर बसला. चहा हातात धरून राहिला, प्याला नाही.

मग म्हणाला, "सर, तुमाला कळलंय ना?"



"मला त्याच टायमाला कळलं होतं," म्हणाला. "हाताला काहीच लागलं न्हाई. लागल्यावर कसं कळतंय, खांद्यापर्यंत येतंय. मी मारला, समोर पाहिलं तर तुमी खाली. मला वाटलं, पाय घसरला, उठतेल. तुमी उठलेच न्हाईत. मग पोरांनी मला उचललं. माझी माय गर्दीत रडून राहिली. तवा कसं सांगू, की लागलाच न्हाई म्हणून?"

नोकरी त्या सर्टिफिकेटावर. लग्न नोकरीवर. वस्तीच्या कमानीशेजारी अजून त्याचा बोर्ड आहे, ठोसा मारतानाचा. पंचवीस वर्षं कुठं सत्कार झाला की तो पहिल्यांदा पाहतो, सोमेश्वर सर आलेत का. मी आलो की तो भाषण आटोपतं घेतो. त्याला वाटतं, आज नाहीतर उद्या हा माणूस उभा राहून सांगणार, मला लागलाच नव्हता.

मला वाटायचं तो माझ्याकडं पाहतो ते मिरवायला.

"दाखवणार का सर ते?" म्हणाला. हवालदार माणूस. कप खाली ठेवून हात जोडले त्यानं.

खरं लिहितो, इथं कोण वाचतंय. एक क्षण असा आनंद झाला की उठून नाचावं. पंचवीस वर्षांनी रत्नपाल माझ्या ओसरीवर खाली बसलेला आणि मी वर. पुढचा क्षण वाईट होता. ठोसा लागला नाही हे मी दाखवलं तर रत्नपाल संपला. पण मग मी काहून पडलो, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर द्यायला माझ्याशिवाय कोणी नाही.

त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, रत्नपाल, तुझा ठोसा लागला होता. मी स्वतः खाल्ला आहे.

तो रडला. मोहिनीला वाटलं कोणी गेलं.

मी मोठ्या मनाचा माणूस आहे. हे नोंदवणं आवश्यक आहे.

४ जानेवारी, रविवार. सकाळी

रागिणीनं विचारलं. मी रंग कालवत होतो. ती दारात उभी होती, ग्राउंडवरून आलेली, घामानं भिजलेली. तिची शारीरिक चाचणी पुढच्या महिन्यात आहे.

"पप्पा, तुमाला भ्या वाटलं होतं का?"

मी म्हणालो, ऊन डोळ्यावर होतं.

"फोटोत सावली तुमच्या मागं न्हाई पप्पा. पुढं आहे." म्हणजे ऊन माझ्या पाठीवर होतं.

मी म्हणालो, सकाळी सकाळी डोकं खाऊ नको, दिसत नाही का काम चालू आहे. जास्तच जोरात म्हणालो. ती आत गेली. ब्रशमधला लाल रंग पाण्याच्या ग्लासात न जाता चहाच्या कपात गेला.

पोरीला हे कसं सांगायचं? रत्नपालनं पहिलं पाऊल टाकलं आणि मला दुसरं काहीच दिसेना झालं. हजार लोक. एवढा आवाज. खाली बसलं की हे संपेल, एवढंच डोक्यात आलं. अंगात ताकद होती. पाय हलके होते, रत्नपाल म्हणतो ते खरं आहे.

वरचा परिच्छेद खोडायचा आहे. पेनाची शाई संपत आली आहे, नंतर खोडतो.

११ जानेवारी, रविवार

सातवं चित्र पूर्ण. तीन फूट बाय चार फूट. ग्लोव्ह माझ्या जबड्यात मनगटापर्यंत घुसलेला. गाल दुसऱ्या बाजूला गेलेला. एक दात हवेत. माझा एकही दात पडला नव्हता, पण चित्रकाराला स्वातंत्र्य असतं. असा ठोसा बैलाला बसला तर बैल पडेल. हे चित्र पाहून कोणी म्हणूच शकत नाही की उठायला पाहिजे होतं.

रत्नपालचा मान राहिला, माझाही राहिला. दोन्ही कामं एका चित्रात. निगेटिव्ह कपाटात, कुलूप लावून.

मोहिनीनं चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "एवढं लागलं होतं व्हय तुमाला?" आणि पदर माझ्या गालाला लावला. लग्नाला चोवीस वर्षं झाली. मी तोंड फिरवलं. रंग ओला होता म्हणून.

१७ जानेवारी, शनिवार

वजन पाहिलं नाही. उद्या फोटोतले कपडे घालायचे नाहीत, त्यामुळे प्रश्न नाही.

रत्नपालचा फोन आला. उद्या अमृतराव सरांना गाडीत घालून आणतो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, असं मी तीनदा म्हणालो. "त्यांचीच इच्छा आहे सर," म्हणाला.

त्यांना दिसत नसेल आता फारसं.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५

त्यांना दिसतं.

क्रमानं लिहितो. सकाळी दहाला हॉल उघडला. वीसेक लोक येतील म्हटलं होतं, साठ-सत्तर आले. जुनी मंडळी, त्या दिवशी मैदानावर असलेली, फेटे बांधून. रत्नपालच्या वस्तीतली माणसं. शाळेतले सगळे. रागिणीच्या ग्राउंडवरच्या पोरी. सात चित्रं भिंतीला. लोक पहिल्यापासून सावकाश बघत गेले. कोणी हसलं नाही. दुसऱ्या चित्रापाशी एक म्हातारा म्हणाला, "व्हय, असंच फिरून राहिला होता." मला भरून आलं.

सातव्यापाशी सगळे थांबले. रत्नपाल थांबला. त्यानं माझा हात घट्ट धरला. मुख्याध्यापक म्हणाले, काय जबरदस्त पंच आहे. माझ्या मनात आलं, झालं. सुटलो. दोघंही सुटलो.

तेवढ्यात अमृतराव सर काठी टेकत पुढं आले. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते ओरडून बोलतात. चष्मा वर केला, खाली केला. चित्राच्या इतक्या जवळ गेले की नाकाला रंग लागेल. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, हा ठोसा कुठून आणला? लागला कुठं होता?"



"मी रेफ्री होतो," सर म्हणाले. "दोन फुटावर उभा. ह्याचा नेम चुकला अन् त्याच्या आधीच हे लेकरू खाली बसलं. भेलं होतं."

रत्नपालनं माझा हात सोडला. मी म्हणालो, सर, तुमच्या लक्षात नसेल, वय झालं. त्यांना ते ऐकू आलं नाही. ते पुढं बोलतच राहिले.

"तू म्हणत फिरतोस, मी भरभर मोजलं. कुणी मोजलं भरभर? सातवर गेल्यावर मी थांबलो. खाली वाकून म्हणालो, ऊठ लेकरा, काई लागलं न्हाई तुला, ऊठ. तू डोळा उघडलास. माझ्याकडं पाहिलंस. अन् परत मिटून घेतलास."

हे मला आठवत होतं. आठवत नाही असं पंचवीस वर्षं म्हणत होतो, इतकंच.

रत्नपाल पुढं झाला. आवाज फाटलेला. म्हणाला, "सर, मग मला काहून जिंकवलं तुमी? माझं सर्टिफिकेट खोटं म्हणायचं का?"

हे मात्र त्यांना ऐकू आलं. म्हणाले, "खोटं काहून? दहा मोजले. एक बसला होता, एक उभा होता. जो उभा, तो जिंकला. नियमच हाय. तुला काय वाटलं, मला दिसलं न्हाई?"

मग तो फेटेवाला म्हातारा म्हणाला, "आमाला बी दिसलं होतं. समद्यालाच दिसलं होतं." दुसरा म्हणाला, "त्याच्यात काय एवढं." तिसऱ्यानं विचारलं, चहा आहे का.

चहा होता. लोक चहाकडे गेले.

मी आणि रत्नपाल चित्रापुढं उभे. अख्ख्या जिल्ह्याला जे माहीत होतं ते गुपित आम्ही दोघांनी एवढी वर्षं एकमेकांपासून सांभाळलं. तो हसायला लागला. थांबेना. मला हसू येत नव्हतं, पण तो खांद्याला धरून हलवत होता, त्यामुळे बाहेरून मीही हसतो आहे असं दिसलं असेल.

रागिणी लांब उभी होती. माझ्याकडंच पाहत होती. मी चहा घ्यायला गेलो.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.४०

हॉल दहापर्यंत रिकामा करून पाहिजे, शिक्षकांचं कसलं तरी प्रशिक्षण आहे. चित्रं काढून आणली. हार्डबोर्ड चांगला आहे म्हणून मोहिनीनं दोन मागितले, शेळ्यांच्या दावणीला वारा लागतो. दिले. तिनं सातवं घेतलं. ते सगळ्यात मोठं आहे.

रत्नपालचा फोन आला. आज झोपून राहिला म्हणे, ग्राउंडवर पोचायला उशीर झाला, पहिल्यांदाच. आवाज बारीक पोरासारखा.

मग एक काम केलं. लिहून ठेवावं असं आहे.

रागिणी अंगणात बुटाची नाडी बांधत होती, पाठ माझ्याकडं. आज उशिरा निघाली. मी मागं जाऊन उभा राहिलो. घसा साफ केला. म्हणालो, रागिणी, व्हय. मला भ्या वाटलं होतं. लई वाटलं होतं. लागलं काहीच नव्हतं, मी आपणहून बसलो. उठता येत होतं, तरी उठलो नाही. तुला विचारावं वाटलं, याचा मला राग आला नव्हता. लाज वाटली होती.

एका दमात म्हणालो. अडखळलो नाही.

ती उठली, वळली, मला पाहून दचकली. कानातून ते गाणी ऐकायचं पांढरं बटण काढलं. दुसऱ्या कानातलंही. म्हणाली, "काय म्हणालात पप्पा?"

मी म्हणालो, येताना दूध आण.

"अर्धा लिटर का एक?"

एक, म्हणालो.